शातोनफ-द्यु-पाप : दक्षिण ऱ्होनची रांगडी, पण समजून घ्यावी अशी रेड वाइन

फ्रान्सच्या रेड वाइनचा विषय निघाला की बोर्दो आणि बर्गंडी ही नावे आधी घेतली जातात. दक्षिण फ्रान्समधील आव्हिन्यों शहराच्या उत्तरेला, ऱ्होन नदीकाठच्या शातोनफ-द्यु-पाप या गावच्या वाइनची मात्र बहुतेक वेळा ‘जड आणि कडक’ एवढा शेरा मारून बोळवण केली जाते. हा शेरा खोटा नाही, पण तो या वाइनच्या एकाच बाजूला लागू पडतो. तिची खरी गंमत कडकपणात नसून, द्राक्षांच्या अनेक वाणांच्या मिश्रणातून तो कडकपणा कसा आवरला जातो यात आहे.

परीक्षणासाठी निवडलेली बाटली २०१६ सालची, एका लहान कौटुंबिक उत्पादकाची होती. दक्षिण ऱ्होनसाठी ते वर्ष उत्तम मानले जाते. या वाइनमध्ये ग्रेनाश हा वाण बहुतांश असून सिरा, मूर्वेद्र आणि सॅन्सो यांची जोड आहे. ग्लासात ओतल्यावर पहिले आश्चर्य रंगाचे वाटते, कारण इतकी दणकट वाइन असूनही ती काळपट जांभळी नाही, तर डाळिंबी आहे, आणि ग्लास तिरका धरला की कडेला विटकरी झाक दिसते. ग्रेनाशच्या सालीत रंग बेताचाच असतो, त्यामुळे रंगावरून ताकदीचा अंदाज बांधणारा येथे हमखास फसतो. सुरुवातीला वास मुरंबलेल्या स्ट्रॉबेरीचा येतो. अर्ध्या तासाने त्यामागून ज्येष्ठमध, काळी मिरी आणि उन्हात वाळलेल्या थाईम-रोझमेरीचा दरवळ वर येतो. घोट तोंडात घेतला की तो गोडसर भासतो, पण त्यात साखर जवळजवळ नाही. पिकलेल्या फळाची चव आणि अल्कोहोल यांमुळे तसा आभास होतो. टॅनिनचा तुरटपणा जिभेला खरवडत नाही, हिरड्यांपाशी हलकेच रेंगाळतो. शेवटी मात्र घशात स्पष्ट ऊब जाणवते, आणि लेबलावरचा १५ टक्क्यांचा आकडा खरा असल्याची खात्री पटते.

या आकड्यामागे एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात येथील वाइन मोठ्या प्रमाणावर घाऊक विकली जाई आणि बर्गंडीतील फिकट वाइनना बळ देण्यासाठी वापरली जाई. गावाच्या नावाला किंमत होती, पण त्या नावाखाली कोण काय विकतो यावर कोणाचाच धरबंद नव्हता. १९२३ साली शातो फोर्तिया या द्राक्षमळ्याचे मालक बॅरन पिएर ल रॉय यांनी उत्पादकांना एकत्र आणून नियमावली तयार केली. ते पेशाने वकील होते, आणि त्या नियमांची काटेकोर भाषा पाहता हे सहज पटते. जेथे थाईम आणि लॅव्हेंडर उगवतात अशाच रुक्ष जमिनीत द्राक्षे लावावीत, ठरावीक वाणच वापरावेत, खराब फळ निवडून बाजूला काढावे आणि वाइनमध्ये किमान १२.५ टक्के अल्कोहोल असावे, असा त्या नियमावलीचा गाभा होता. १९३६ साली फ्रान्सने नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा (म्हणजे ठरावीक भागात, ठरावीक नियमांनी केलेल्या वाइनलाच ते नाव लावण्याचा हक्क) देण्यास सुरुवात केली तेव्हा पहिल्या मानकऱ्यांमध्ये हे गाव होते. आजही येथे यंत्राने तोडणी करता येत नाही, आणि एका हेक्टरमागे उत्पादनाची मूळ मर्यादा ३५ हेक्टोलिटर, म्हणजे ३,५०० लिटर एवढीच आहे. (नियम करण्याची या गावाला हौसच असावी, १९५४ साली येथील महापौरांनी गावाच्या हद्दीत उडत्या तबकड्या उतरवण्यास बंदी घातली होती.)

किमान अल्कोहोलची अट पातळ, भेसळीच्या वाइनला रोखण्यासाठी होती. आता अडचण उलट दिशेची आहे. ग्रेनाशची साल आणि बिया नीट पिकेपर्यंत थांबावे तर फळातली साखर वाढत जाते, आणि तापत्या उन्हाळ्यांमुळे १४.५ ते १५.५ टक्के हा आता नित्याचा आकडा झाला आहे. येथेच जुन्या नियमातली वाणांची लांबलचक यादी कामी येते. त्यात १३ वाण आहेत, रंगभेद वेगळे मोजले तर १८, आणि क्लेरेत, बूर्बूलांकसारखी पांढरी द्राक्षेही रेड वाइनमध्ये मिसळण्याची मुभा आहे. मूर्वेद्रमुळे कणा मिळतो, सॅन्सो आणि कूनवाझमुळे ताजेपणा येतो. शातो द बोकास्तेल हे सगळे १३ वाण जोपासणारे घराणे म्हणून ओळखले जाते, तर शातो रायास जवळजवळ केवळ ग्रेनाशवर आपली रेड वाइन उभी करते.

रायासचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. या प्रदेशाचे चित्र म्हणजे गोल गुळगुळीत दगडांनी झाकलेले मळे, असे ठरूनच गेले आहे. ते दगड दिवसा तापून रात्री ऊब सोडतात, हे खरे आहे. पण रायासचे मळे वाळूत आहेत आणि त्यांची वाइन या भागातील सर्वांत नाजूक वाइनपैकी एक मानली जाते. दगडांचे कौतुक मला तरी जरा अति वाटते. त्यांच्या इतकेच श्रेय मिस्ट्राल या उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याला द्यायला हवे, कारण पावसानंतर तो वेली झटकन वाळवतो आणि बुरशीला थारा देत नाही. त्याच वाऱ्यापायी ग्रेनाशच्या वेली मांडवावर न चढवता झुडपासारख्या बुटक्या ठेवल्या जातात.

घेताना उत्पादकाची पद्धत पाहावी. ग्रेनाशला हवा लवकर बाधते, म्हणून सिमेंटच्या टाक्या किंवा मोठी जुनी लाकडी पिंपे ही येथील रीत आहे. नव्या ओकच्या छोट्या पिंपांत ठेवलेल्या, जास्त किमतीच्या खास आवृत्त्यांत व्हॅनिलाचा वास वाढतो आणि औषधी वनस्पतींचा दरवळ दबतो. माझ्या मते तो पैसा वाया जातो. शिवाय ही वाइन तयार झाल्यावर काही वर्षांनी मिटून जाते, तेव्हा तिला फारसा वास येत नाही. ती एक तर अगदी तरुणपणी प्यावी किंवा आठ-दहा वर्षे राखावी.

ग्लासात ओतताना वाइनचे तापमान १६ ते १७ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. उबदार खोलीत तासभर उघडी राहिलेली हीच बाटली नाकात नुसती अल्कोहोलची झणझण देते आणि फळ हरवते. सोबतीला प्रोव्हान्सची दोब, म्हणजे वाइनमध्ये मंद शिजवलेले गोमांस, किंवा वनौषधी लावून भाजलेले कोकराचे मांस उत्तम. नाजूक माशाबरोबर ती घेऊ नये.

फ्रान्समध्ये चांगल्या उत्पादकाच्या साध्या आवृत्तीला तीस ते पन्नास युरो पडतात आणि या बाटलीने ते वसूल केले. रोजच्या जेवणासाठी एवढा खर्च नको असेल तर नदीच्या पलीकडच्या तीरावरील लिराक पाहावी. वाण बहुतांशी तेच, काही मळ्यांत दगडही तसेच, आणि किंमत बरीच कमी.