भांडी ओली राहण्याचे कारण: हीटर की रिन्स एड?

डिशवॉशरमधून भांडी ओली निघाली की संशय प्रथम हीटरवर जातो. माझ्या मते तो बहुतेकदा घाईचा असतो. कंडेन्सेशन पद्धतीच्या यंत्रात अखेरचे खळबळणे साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्याने होते, तापलेल्या भांड्यांवरील पाण्याची वाफ तुलनेने थंड असलेल्या स्टीलच्या भिंतींवर जमते आणि खाली निथळून जाते. रिन्स एड (अखेरच्या पाण्यात मिसळणारा द्रव) पाण्याचा पृष्ठताण कमी करते, त्यामुळे पाणी थेंब धरून न राहता पसरून निथळते. ते संपले असेल, तर भांडी गरम व स्वच्छ निघतात, परंतु त्यांवर थेंब आणि डाग राहतात. (प्लास्टिक उष्णता फारशी धरून ठेवत नसल्याने ते एरवीही ओलेच राहते, हा बिघाड नव्हे.)

हीटर निकामी झाल्यास मात्र धुणेच बिघडते: तेलकटपणा राहतो, डिटर्जंट पूर्ण विरघळत नाही आणि काचेची व चिनी मातीची भांडीही थंड लागतात. अशा वेळी वीजपुरवठा तोडून, हीटरच्या तारा सोडवून मल्टिमीटरने (विजेची मापे घेण्याचे उपकरण) त्याचा विद्युतरोध मोजावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २००० वॅटच्या हीटरचा रोध सुमारे २६ ओहम भरतो, तर तुटलेल्या हीटरचा अनंत दिसतो. रोध योग्य असल्यास थर्मिस्टर (तापमान ओळखणारा भाग) किंवा रिले (हीटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) तपासावा लागतो, आणि ते काम तंत्रज्ञाकडे सोपवलेले बरे.