‘हॉट कंट्री’: मींड पुसलेली प्लेलिस्ट

स्पॉटिफायवरची ‘हॉट कंट्री’ म्हणजे ताज्या अमेरिकन कंट्री गाण्यांची प्लेलिस्ट. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या मराठी घरात, सकाळी अभंग आणि रात्री ख्याल ऐकणाऱ्यांच्या कानावर ती पडली, की दहा मिनिटांत कुणीतरी म्हणणारच, ‘बदला की आता, मघापासून एकच गाणं चाललंय.’ हा शेरा बराचसा खरा आहे आणि त्याची कारणंही नेमकी सांगता येतात.

कंट्रीची राजधानी नॅशव्हिल. तिथले वादक कॉर्ड्‌स, म्हणजे एकत्र वाजणारे सुरांचे गुच्छ, आकड्यांत लिहितात. सा कुठलाही धरा: १ म्हणजे सा वरची, ४ म्हणजे म वरची, ५ म्हणजे प वरची कॉर्ड. आपल्या सरगमसारखंच, पट्टी बदलली तरी कागद तोच. जुनी गाणी बहुतेक १-४-५ वर भागायची. नव्यांत १-५-६-४ ही चौकडी, क्रम थोडा मागेपुढे करून, कडव्यालाही तीच आणि ध्रुवपदालाही तीच. खाली ८०८ ड्रम मशीनचा ठोका, वर चुटक्यांचा किंवा टाळ्यांचा लूप. आता, तेच ते फिरणं हा काही गुन्हा नव्हे. तबल्यामागे फिरणारी धून, म्हणजे तीनतालाचा लेहराही तासभर तोच असतो. पण लेहऱ्यावर तबला बोलत असतो. इथे चौकडी फिरते आणि तिच्यावर बोलायला कुणीच येत नाही.

मोठी तक्रार मींडेची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, आहे. कंट्रीतलं सर्वांत गोड वाद्य पेडल स्टील. मांडीसमोर आडवं, दहा तारा, डाव्या हातात पोलादी कांडी, पायाखाली पेडल आणि गुडघ्याशी लिव्हर. नेहमीच्या ई-नाइन जुळणीत ई ला सा मानलं, तर पहिलं पेडल प ची तार ओढून ध वर नेतं आणि दुसरं ग ची तार म वर. दोन्ही दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं. सा जागच्या जागी, बाकीचे दोघे घसरत वर. म्हणजे एक अख्खी कॉर्ड मींड घेत दुसरीत जाते. विचित्रवीणा ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नव्या गाण्यांत हे वाद्य असलं, तरी ध्रुवपदाच्या मागे धुक्यासारखं ठेवलेलं असतं, किंवा शेवटच्या चार मात्रांत हजेरी लावून जातं.

गळ्याचंही तेच. १९९७ साली ऑटो-ट्यून हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर आलं. त्यातला रिट्यून स्पीड (दुरुस्तीला लागणारा वेळ) शून्याच्या जवळ नेला, की आवाज सरळ जवळच्या सुरावर उडी घेतो आणि मधला प्रवास कापला जातो. स्पीड सैल ठेवला तर मींड बऱ्यापैकी वाचते, पण एवढी सबुरी थोड्यांकडेच. क्रिस स्टेपलटनसारखा गळा लागला की फरक लगेच कळतो: सूर आधी वाकतो, मग टेकतो.

(गंमत अशी, की आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली तेव्हा एक मोठा आक्षेप हाच होता: तिला मींड नाही. बंदी तीसेक वर्षं टिकली. आज पेटीशिवाय बैठक बसत नाही.)

तेव्हा ‘पूर्वीचं ते खरं’ असं म्हणताना थोडं जपून. १९५०च्या दशकाच्या अखेरीस चेट अ‍ॅटकिन्स वगैरे निर्मात्यांनी फिडल (लोकढंगानं वाजवलेलं एकटं व्हायोलिन) आणि स्टील मागे सारून व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस आणला, तेव्हाही रसिक असेच चिडले होते. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमधून बक ओवेन्सचा टेलिकास्टर गिटारचा करकरीत बाज पुढे आला. आणि अस्सल कंट्रीचा मानला जाणारा बँजोसुद्धा मुळात आफ्रिकन वंशाचा.

शब्दांबद्दल थोडक्यात. ट्रक, मातीचा रस्ता, बिअर, शुक्रवारची रात्र. या साच्याला २०१३ साली जोडी रोझेन या समीक्षकानं ‘ब्रो-कंट्री’ म्हटलं आणि नाव चिकटलं. ट्रक आपल्या ओळखीचा नाही म्हणून गाणं भिडत नाही, असं मात्र नाही. वारीला कधी न गेलेलेही अभंगात रमतातच. या गाण्यांत सामानाची यादी होते, गोष्ट होत नाही, हे खरं दुखणं.

मग आवडते कुणाला? नव्यानं गिटार शिकणाऱ्या मुलांना, आणि ते रास्तच आहे. जी, डी, ई मायनर, सी एवढ्या चार कॉर्ड्‌स आल्या आणि कॅपो (गिटारची पट्टी चढवणारा चिमटा) हाताशी असला, की एका संध्याकाळी निम्मी प्लेलिस्ट वाजवता येते. त्यांचा कान हातातून ऐकतो, ख्यालवाल्याचा कान दोन सुरांमधल्या जागेत थांबतो. दोघांना एकाच खोलीत बसवू नये.

ऐकायचीच असेल तर आधी सेटिंग्ज. नॉर्मलायझेशन चालू करून ‘नॉर्मल’ वर ठेवा, म्हणजे सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (हे आवाजाच्या पातळीचं माप) येतात. हे बंद असलं की नवं गाणं नुसतं मोठं वाजतं म्हणून भारी वाटतं. आवाज सारखा करून १९६०च्या आसपासचं एक गाणं आणि आजचं एक लागोपाठ लावा: जुन्यात दम घ्यायला जागा असते, नव्याची पातळी पहिल्यापासून शेवटपर्यंत सपाट. एक गाणं दुसऱ्यात मिसळणारा क्रॉसफेड शून्यावर. फोनच्या स्पीकरवर खर्ज उरत नाही आणि नुसत्या टाळ्या ऐकू येतात, तेव्हा हेडफोन घ्या. सगळ्यांत महत्त्वाचं: प्लेलिस्टच्या तीन टिंबांत जाऊन ती ‘टेस्ट प्रोफाइल’ मधून वगळा, नाहीतर शिफारशींत अभंगांच्या शेजारी ट्रक येऊन उभे राहतील. प्रायव्हेट सेशननंही काम भागतं, पण ते तेवढ्या वेळापुरतंच.

ऐकणं ३० सेकंदांनंतर मोजलं जातं, हे कळलं की गाण्याला ध्रुवपदाची एवढी घाई का, तेही उलगडतं. आलाप करायला सवड कुणाला!

गाडीत मात्र ही प्लेलिस्ट वाईट नाही. आग्र्यापर्यंतच्या सव्वाशे किलोमीटरांत लय ढळत नाही, लक्ष मागत नाही, टोलनाक्यावर अर्ध्यात बंद केली तरी हळहळ नाही. बसून ऐकायला पाचपैकी दीड, स्टिअरिंगमागे तीन. बसून ऐकणाऱ्यांनी सर्चमध्ये ‘पेडल स्टील’ किंवा ‘बेकर्सफील्ड’ टाकावं.