टॉट बॅटरीतील के-५ : रेल्वे तोफा ओळखण्याची उत्तम जागा

जुन्या छायाचित्रांत रेल्वे तोफा, म्हणजे रुळांवरून नेता येणाऱ्या अवजड तोफा, एकसारख्या भासतात आणि पाहणारा नळीच्या जाडीवरून अंदाज बांधू लागतो. ही सवय मोडायची असेल, तर फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, काप ग्री-नेजवळच्या टॉट बॅटरीत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील जर्मन तोफांच्या ठाण्यात, असलेले अटलांटिक भिंतीचे (जर्मनांच्या किनारी तटबंदीचे) संग्रहालय आवर्जून पाहावे. बॅटरीच्या एका अजस्र काँक्रीट कोठीत ते थाटलेले आहे आणि बाहेर रुळांवर जर्मनीच्या क्रुप कारखान्याची २८ सेंटिमीटरची के-५ तोफ उभी आहे. अशा दोनच तोफा उरल्या असून दुसरी, १९४४ मध्ये इटलीतील अँझिओच्या किनाऱ्यावर मारा करणारी, अमेरिकेत आहे.

तोफेच्या बगलेला उभे राहून आधी गाडा, म्हणजे तोफ पेलणारा चाकांचा सांगाडा, नीट न्याहाळावा. दोन्ही टोकांना सहा-सहा आसांची बोगी, मधे पेटीसारखा लांब गर्डर आणि वर साडेएकवीस मीटरची सडपातळ नळी, ही के-५ची खूण. या गाड्यावर नळी डावी-उजवीकडे जेमतेम वळते, म्हणून नेम धरताना अख्खी तोफ वळणदार रुळावर मागेपुढे करावी लागे किंवा टर्नटेबलवर (फिरत्या चौथऱ्यावर) चढवावी लागे. याउलट सोव्हिएत टीएम-१-१८० ही तोफ गाड्यावरच चहूकडे फिरे. त्यासाठी तिच्या गाड्याला बाजूंना पसरणारे आधारपाय आहेत. पहिल्या महायुद्धातील श्नायडर या फ्रेंच कंपनीच्या घसरत्या गाड्याची तऱ्हा आणखी निराळी : मारा करण्यापूर्वी तो लाकडी तुळयांवर टेकवत आणि बार उडताच सबंध गाडा रुळांवरून मागे घसरे. छायाचित्रात गाड्याच्या पोटाखाली तुळया दिसल्या, तर प्रथम हाच प्रकार मनात आणावा.

जाडी किती फसवी असते, हे इंग्लंडमधील फोर्ट नेल्सन येथे ठेवलेल्या १८ इंची ब्रिटिश हॉवित्झरवरून (आखूड नळीच्या, उंच मारा करणाऱ्या तोफेवरून) कळते. तिच्या नळीचा व्यास ४५७ मिलिमीटर, पण पल्ला सुमारे २० किलोमीटर, त्यामुळे खाडीपलीकडच्या इंग्लंडमधील केंट परगण्यातून फ्रान्सचा किनारा तिच्या टप्प्यात नव्हता; के-५ मात्र २५५ किलोचा गोळा ६० किलोमीटरपलीकडे टाकी.

टॉट बॅटरीचे खरे मोल मला याहून वेगळ्या गोष्टीत वाटते. येथील काँक्रीट कोठ्यांत ज्या ३८ सेंटिमीटरच्या नौदल तोफा होत्या, त्याच जातीची नळी ‘झीगफ्रीड’ या जर्मन रेल्वे तोफेवरही बसवलेली होती, म्हणजे नळी अचूक ओळखली तरी तोफेचा प्रकार गाड्यावरूनच ठरवावा लागतो.