सोनी एनएक्स८००: जत्रा, नाटक आणि कुस्ती एकट्याने शूट करणाऱ्यांसाठी

वर्षानुवर्षं सोनीच्या एनएक्स१०० किंवा एमसी२५०० या जुन्या कॅमकॉर्डरवर काम करणाऱ्यांनी आता सोनीचाच नवा कॅमकॉर्डर एचएक्सआर-एनएक्स८०० घ्यावा का? तुमच्या वहीत यात्रा, नाटक, कीर्तन, कुस्तीचं मैदान, गॅदरिंग अशी लांबलचक कामं जास्त असतील तर घ्यावा. प्री-वेडिंग आणि कँडिड हेच मुख्य काम असेल तर घेऊ नये, तिथे मिररलेस आणि कमी प्रकाशातही चालणारी एक लेन्सच बरी. गिऱ्हाईक अजूनही एचडी पेनड्राइव्हवर खूश असेल आणि जुना कॅमेरा धड चालत असेल, तर त्या पैशांत चांगला ट्रायपॉड आणि दोन वायरलेस माइक घ्या. कामाचा दर्जा त्याने जास्त वाढेल.

सप्टेंबर २०२४ मध्ये सोनीने पीएक्सडब्ल्यू-झेड२०० आणि एनएक्स८०० ही जोडी एकत्र आणली. दोन्हींत एक इंची सेन्सर आणि २० पट ऑप्टिकल झूम आहे. एनएक्स१०० आणि सोनीचाच पीएक्सडब्ल्यू-झेड९० या दोघांचा झूम १२ पट, म्हणजे २९ ते ३४८ मिलिमीटर. नव्याचा २४ ते ४८० मिलिमीटर. फरक नीट कळायला थोडा हिशेब करू. कुंडलच्या कुस्ती मैदानावर कॅमेरा आखाड्यापासून ३० मीटरवर लागला असं धरा. ३४८ वर फ्रेमची रुंदी साधारण ३.१ मीटर येते, ४८० वर सव्वादोन मीटर. म्हणजे मनगटाची पकड आणि दोघांचे चेहरे एका फ्रेममध्ये भरून येतात, आजूबाजूचे पंच आणि फोटोवाले बाहेर राहतात. उलट टोकाला, अक्षतांच्या वेळी नवरा-नवरीपासून जेमतेम तीन मीटरवर उभं राहायला मिळतं. २९ वर तिथे ३.७ मीटर रुंदी मिळते, २४ वर साडेचार. दोन्हीकडचे मामा आणि अंतरपाट फ्रेममध्ये येतो, वाइड अ‍ॅडॉप्टर लावावा लागत नाही. तो अ‍ॅडॉप्टर कडा मऊ करतो, शिवाय वजन वाढवतो.

लेन्सवर फोकस, झूम आणि आयरिस (उजेड आत सोडणारं छिद्र, म्हणजेच अ‍ॅपर्चर) अशा तीन वेगळ्या रिंगा आहेत. झेड९० ला एकच रिंग, तिला स्विचने कधी झूमची तर कधी फोकसची करायचं. निवांत मुलाखतीत ते चालून जातं. कुस्तीत पैलवान उजव्या बाजूला फिरला, झूम मागे घेता घेता फोकसही धरायचा आहे, अशा वेळी एका रिंगेवर हात अडकतो. एनएक्स१०० वाल्यांच्या बोटांना तीन रिंगांची सवय आहेच, त्यामुळे त्यांना नवा कॅमेरा पहिल्या दिवसापासून हाताळता येईल.

पैसे वसूल करणारी गोष्ट म्हणजे इलेक्ट्रॉनिक व्हेरिएबल एनडी, म्हणजे लेन्समधून येणारा उजेड हवा तितका कापणारा फिल्टर. जुन्या कॅमेऱ्यांत १/४, १/१६ आणि १/६४ अशा तीन काचा असतात. काच बदलली की फ्रेमवरून तिची कड सरकताना दिसते, आणि दोन काचांच्या मधला उजेड असेल तर शटर किंवा आयरिसशी तडजोड करावी लागते. नव्यात १/४ पासून १/१२८ पर्यंत एनडी सलग फिरतो. एनडी लागतोच का? भर दुपारच्या उन्हात १०० आयएसओला १/१०० शटर धरलं तर अ‍ॅपर्चर एफ/१६ येतं. एक इंची सेन्सरवर एफ/८ च्या पुढे गेलं की डिफ्रॅक्शनमुळे चित्राची धार जाते. म्हणून १/५० शटर आणि एफ/५.६ वर राहायचं असेल तर चार स्टॉप उजेड कापावा लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे १/१६ एनडी. बावधनच्या बगाडामागे चालताना झाडाची सावली, मग भर ऊन, मग पुन्हा गल्लीतली सावली असं चालू असतं. तिथे आयरिस आणि शटर बांधून ठेवा आणि एनडी ऑटोवर सोडा. उजेड डोळ्यांना न खुपता बदलतो, पार्श्वभूमीचा मऊपणाही सारखा राहतो. ढगाळ दिवशी किंवा रात्री एनडी क्लिअरवर आहे ना, हे मात्र दर वेळी बघा. एनडी लागलेला राहिला आणि गेन (चित्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीने उजळवणं) वर गेला, तर स्क्रीनवर चित्र ठीक दिसतं आणि घरी टीव्हीवर दाणे दिसतात.

कमकुवत बाजू उजेडाची. वाइडला एफ/२.८ आणि टेलीला एफ/४.५ म्हणजे पूर्ण झूम केल्यावर सुमारे १.४ स्टॉप उजेड जातो, गेनच्या भाषेत ८ डीबी. सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिरात मागच्या रांगांमधून नाटक शूट करताना हे लगेच जाणवतं. मंद निळ्या प्रकाशाचा प्रवेश आला की गेन १५ ते १८ डीबीपर्यंत न्यावा लागतो आणि काळ्या विंगांमध्ये दाणे येतात. उपाय साधा आहे. कॅमेरा जितका पुढे नेता येईल तितका न्यावा आणि झूम मध्यावर ठेवावा. ज्यांची निम्मी कामं रंगमंचाची आहेत त्यांनी पॅनासॉनिकचा एचसी-एक्स२००० बघायला हरकत नाही. त्याची लेन्स वाइडला एफ/१.८ आणि टेलीला एफ/४.० आहे, झूम २४ पट. पण सेन्सर लहान, १/२.५ इंची, त्यामुळे लेन्सने कमावलेला उजेड सेन्सरवर बराच खर्च होतो. बाजूबाजूला ठेवून एकाच अंधारात दोन्ही तपासल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

नाटकाचं एक्स्पोजर चेहऱ्यावर धरा. झेब्रा (जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) ९५ वर ठेवा आणि स्पॉटमधल्या कपाळावर पट्टे आले तर आयरिस बंद करा, मागचा सेट काळा गेला तरी चालेल. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. रंगीत एलईडी पार दिवे लागले की ऑटो त्यांना पांढरं करायला बघतं आणि प्रकाशयोजनाकाराची मेहनत मातीत जाते. ३२०० किंवा ४३०० केल्व्हिन असं एक ठरवून कुलूप लावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१००. १/६० वर ट्यूबलाइटखाली आडवे पट्टे फिरतात. गॅदरिंगच्या स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर १/५० वरही पट्टे येऊ शकतात. तेव्हा १/१०० करून बघा, नाही गेले तर कॅमेरा थोडा बाजूला सरकवून वॉल फोकसबाहेर ठेवा.

ऑटोफोकस चेहरा ओळखतो आणि चांगला ओळखतो, हीच गर्दीतली अडचणही आहे. पालखीपुढे नाचणाऱ्यांतून एखादा चेहरा मध्ये आला की फोकस त्याच्याकडे धाव घेतो. गर्दीत ट्रॅकिंगचा चेहरा स्पर्शाने निवडा किंवा फोकसचा चौकोन लहान करून मधोमध ठेवा, आणि फोकस बदलण्याची संवेदनशीलता खाली आणा. नाटकात अंधार होण्याआधी मॅन्युअलवर जा, नाहीतर पडदा उजळेपर्यंत लेन्स पुढेमागे शोधत बसते. कासच्या धुक्यातही हेच. फुलांचा पट्टा फिकट आणि पलीकडे नुसतं पांढरं, चित्रात कॉन्ट्रास्ट नाही म्हटल्यावर ऑटोफोकस डळमळतो. तिथे पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) लावून हाताने फोकस करा. एसी गाडीतून कॅमेरा काढून थेट पठारावर नेलात तर काचेवर वाफ धरते. चेन बंद केलेल्या बॅगेत, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवा आणि मग उघडा.

आवाजाबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडची निम्मी फुटेजं चित्राने नाही, आवाजाने वाया जातात. कॅमेऱ्याला माइक आणि मिक्सरसाठी दोन एक्सएलआर जॅक आहेत, दोन्हींचा वेगवेगळा उपयोग करा. पहिल्या चॅनेलला साउंडवाल्याच्या मिक्सरची लाइन, दुसऱ्याला स्वतःचा शॉटगन माइक. मिक्सरच्या केबलसाठी स्विच लाइनवर हवा. तो माइकवर राहिला तर आवाज पहिल्या शब्दापासून फाटतो, आणि लेव्हल खाली ओढूनही तो फाटलेलाच राहतो, कारण बिघाड त्याआधीच्या टप्प्यावर झालेला असतो. ४८ व्होल्टचा फँटम (केबलमधून माइकला जाणारी वीज) फक्त कंडेन्सर माइकला द्या, मिक्सरच्या केबलला कधीच नाही. साउंड जनरेटरवर आणि कॅमेरा मंदिराच्या सॉकेटवर असेल तर ‘हुं’ असा घरघराट येतो. दोन अर्थिंग जुळत नाहीत म्हणून तो येतो. मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका किंवा कॅमेरा बॅटरीवर चालवा. अर्थिंगची पिन तोडण्याचा उद्योग करू नका, त्यात शॉक बसण्याचा धोका आहे.

कुस्तीच्या मैदानावर ऑटो लेव्हल ठेवली तर हलगीचा प्रत्येक ठोका निवेदकाचा आवाज दाबतो, मग तो फुगून वर येतो, पुन्हा दबतो. लेव्हल हाताने लावा. निवेदन उणे २० डीबीच्या आसपास आणि हलगीची टोकं उणे ६ च्या आत, लिमिटर चालू. हलगी सुरू व्हायच्या आधी लेव्हल लावून उपयोग नाही, वाजवणाऱ्याला दोन मिनिटं घुमवायला सांगा.

पालच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतो तेव्हा आत हवा ओढणारा पंखा असलेला कुठलाही कॅमेरा धोक्यात असतो. हळदीची पूड पिठासारखी बारीक, ती रिंगांच्या फटीत आणि पंख्याच्या जाळीत बसते. प्लास्टिकची पिशवी गुंडाळू नका, हवा कोंडून कॅमेरा तापेल. कापडी रेनकव्हर घाला, खालची बाजू मोकळी ठेवा, लेन्सवर यूव्ही फिल्टर लावा. उधळण चालू असताना लेन्स पुसू नका आणि कार्डाचं दार उघडू नका. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग कोरडा मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. ओलं कापड आधी लावलं तर पूड लेप होऊन फटीत जाते. साबणाचं पाणी तर नकोच, हळदीचा डाग त्याने लाल होतो.

अशा कॅमकॉर्डरांसाठी कंपनी सहसा ४० अंशांपर्यंतचं तापमान सांगते. एप्रिल-मेमध्ये जत, तासगावकडे हवेचंच तापमान तिथे जातं आणि काळी बॉडी उन्हात त्याहून तापते. शेतीच्या डॉक्युमेंटरीसाठी छत्री ट्रायपॉडला बांधा.

खर्चाचा दडलेला भाग बॅटरीचा आहे. एनएक्स८०० ला बीपी-यू मालिकेच्या बॅटऱ्या लागतात. घरात साठलेल्या एनपी-एफ७७० आणि ९७० कामाला येणार नाहीत, म्हणून दोन मोठ्या बॅटऱ्या आणि चार्जर सुरुवातीच्याच बजेटमध्ये धरा. कार्डांचा हिशेब सोपा: रेकॉर्डिंगच्या दर सेकंदाच्या मेगाबिट आकड्याला ०.४५ ने गुणलं की तासाला लागणारे जीबी येतात. १०० मेगाबिटला ४५ जीबी, २०० ला ९०. तीन अंकी नाटकाला १०० मेगाबिटवर १२८ जीबीची दोन कार्डं रिलेला, म्हणजे एक भरलं की आपोआप दुसऱ्यावर रेकॉर्ड करायला, पुरतात. पण लग्नासारखं पुन्हा न होणारं काम दोन्ही कार्डांवर एकाच वेळी घ्या, त्यासाठी २५६ ची जोडी लागेल.

दहा-बिट ४:२:२ ची (४:२:० पेक्षा रंगांची जास्त माहिती साठवणारी) फाइल रंग दुरुस्तीला उत्तम, पण जुन्या एडिटिंग पीसीवर ती अडखळते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेआधीच्या ग्राफिक्स कार्डांना ४:२:२ चं हार्डवेअर डिकोडिंग नाही. प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या फाइल) करून एडिट करा, नाहीतर साध्या लग्नासाठी ४:२:० वर शूट करा. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल, यांच्या कडा ४:२:२ मध्ये जास्त स्वच्छ येतात हे खरं.

थेट प्रक्षेपणाची सोय कॅमेऱ्यातच आहे, पण यात्रेत हजारो मोबाइल एका टॉवरवर येतात. सकाळी रिकाम्या मैदानात आलेला अपलोड स्पीड दुपारी टिकत नाही. गावातल्या केबलवाल्याकडून फायबरची तात्पुरती लाइन घ्या. व्हिडिओ मिक्सरकडे लांबवर सिग्नल न्यायचा तर एसडीआय केबल वापरा. एचडीएमआय १५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही.

घेण्याआधी कोल्हापूर किंवा पुण्याहून एक दिवस भाड्याने आणा. दुकानात घ्यायचाच असेल तर स्वतःचं कार्ड, एक्सएलआर केबल आणि लॅपटॉप घेऊन जा. लेन्सची टोपी लावून १८ डीबी गेनवर एक मिनिट रेकॉर्ड करा, पेटलेले पिक्सेल ठिपक्यांसारखे दिसतील. पांढऱ्या भिंतीवर एफ/११ ला शूट करा, लेन्सच्या आतली धूळ करड्या डागांत उमटेल. पूर्ण टेलीला पाटीवरच्या अक्षरांवर हाताने फोकस करून सावकाश वाइडला या, मध्ये कुठे अक्षरं मऊ झाली तर तो नग नको. पहिल्या कार्डात पाचच मिनिटांची जागा ठेवून रिले करा आणि दोन्ही क्लिप टाइमलाइनवर जोडून बघा, टाळी वाजवत रेकॉर्ड केलं तर एखादी फ्रेम गळली का ते लगेच कळतं. शेवटी रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी काढा आणि पुन्हा लावून फाइल परत मिळते का पाहा. दुकानदार कुरकुर करेल. तरी करा, कारण मांडवात वायरला पाय लागून पॉवर जाणं हे ठरलेलंच असतं. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी भारतातल्या कंपनीची आहे का हे तिथेच तपासा. स्वस्तात आलेल्या बाहेरच्या मालाला इथलं सर्व्हिस सेंटर वॉरंटीत हात लावेलच असं नाही.