शेपटीखालची भोकं: जर्मन शेफर्डच्या भगंदरावर कोणता उपचार निवडायचा?

टायगरच्या अंगाला वास येतोय, हे आधी आईच्या लक्षात आलं. आंघोळ घातली तरी दोन दिवसांत वास परत. तो अंग चोरून बसायचा, शी करताना कण्हायचा आणि मग कितीतरी वेळ मागे वळून चाटत राहायचा. पहिल्या डॉक्टरांनी गुदाजवळच्या ग्रंथी भरल्यात असं सांगून त्या पिळून काढल्या. तीन महिन्यांत चार वेळा. पाचव्या खेपेला आम्ही दुसरीकडे गेलो. तिथे त्याला गुंगी देऊन शेपटी नीट वर उचलली, केस कापले, तेव्हा गुदद्वाराभोवती सात भोकं दिसली. एका भोकात बारीक सळई दीड इंच आत गेली.

ह्या आजाराला डॉक्टर पेरिअनल फिस्टुला म्हणतात. आपल्याकडे त्याला सरळ भगंदर म्हणता येईल. पण माणसाचं भगंदर आणि कुत्र्याचं भगंदर ह्यांत एक फरक आहे आणि उपचार निवडताना तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. माणसात बहुतेकदा एखादी ग्रंथी पिकते आणि तिथून एक वाट तयार होते. ती वाट उघडली, कापली किंवा क्षारसूत्राने, म्हणजे औषध लावलेल्या दोऱ्याने, हळूहळू छेदली की काम होतं. कुत्र्यात मुळात शरीराची प्रतिकारशक्तीच त्या भागावर उलटलेली असते. म्हणून एक भोक बुजवलं तरी शेजारी दुसरं उघडतं. माणसाच्या आजारांत ह्याचा खरा भाऊ म्हणजे क्रोन्स, आतड्याचा आजार. भगंदर झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना मोठ्या आतड्याची सूजही असते.

सगळ्यात जास्त हा आजार दिसतो तो जर्मन शेफर्डमध्ये, म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीच्या अल्सेशियनमध्ये. बहुधा मध्यम वयात. तुमचा कुत्रा दुसऱ्या जातीचा असेल तर निदान दोनदा तपासून घ्या. नसबंदी न केलेल्या वयस्कर नरात गुदाभोवती गोल, टणक गाठी येतात. त्या बहुतेकदा साध्या असतात आणि नसबंदीने बसतात. ग्रंथीचा गळू एका बाजूला, घड्याळात चार किंवा आठ वाजण्याच्या जागी फुटतो. ग्रंथीचा कर्करोगही असतो. शंका असेल तिथे तुकडा काढून तपासायला द्यायला कचरू नका. पुढचं सगळं मी लिहितो आहे ते निदान पक्कं झालंय असं धरून.

आधी शस्त्रक्रिया की आधी औषध?

नातेवाईक, शेजारी, कधीकधी डॉक्टरही म्हणतात, "एकदाचं कापून मोकळे व्हा." तो सल्ला जुन्या काळातून आलाय. पूर्वी समजूत अशी होती की जर्मन शेफर्डची शेपटी रुंद आणि खाली पडलेली, त्यामुळे तिथे हवा लागत नाही, घाण आणि ओल साचते आणि त्वचा पिकते. त्या समजुतीवर उपचार ठरले: भोकं खरवडणं, गोठवून जाळणं, सगळा भाग कापून काढणं, काहींनी तर शेपटीच बुडापासून काढून टाकली. काही कुत्री बरी झाली. पण पुष्कळांत आजार परत आला आणि काहींत कापण्याचाच त्रास कायमचा राहिला. गुदद्वाराचा स्नायू दुखावला तर कुत्र्याची शी गळत राहते. व्रण आवळला तर वाट इतकी अरुंद होते की शी बाहेर पडत नाही. दोन्हींपैकी काहीही झालं तर पुढची वर्षं रोज साफसफाई आणि रोज वेदना.

१९९० च्या दशकात चित्र पालटलं. मूत्रपिंडाचं रोपण झालेल्या माणसांना प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी जे औषध देतात, ते सायक्लोस्पोरिन, ह्या कुत्र्यांवर वापरून पाहिलं गेलं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन चाचणीत २० कुत्री होती. पहिले चार आठवडे निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसतीच खोटी गोळी. औषध घेतलेली सुधारली, खोटी गोळी घेतलेली आणखी बिघडली. मग सगळ्यांनाच औषध दिलं आणि सोळा आठवड्यांच्या शेवटी २० पैकी १७ जणांची भोकं पूर्ण बुजली. हे वाचलं तेव्हा माझा निर्णय तिथेच झाला. आधी औषध.

शस्त्रक्रियेला जागा आहे, पण ती मागची. औषधाने सूज उतरली, बहुतेक भोकं बुजली, तरी एखादी वाट उघडीच राहिली किंवा आजार ग्रंथीत शिरलेला असला, तर उरलेला छोटा भाग आणि त्या ग्रंथी काढून टाकतात. तेव्हा कापायचं कमी असतं आणि स्नायू वाचतो. हे काम सरावाच्या सर्जनकडेच द्या. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शस्त्रक्रियेचे विभाग आहेत. गावाकडून येणाऱ्यांनी तिथे आधी विचारून पाहावं.

सायक्लोस्पोरिन एकटं की केटोकोनॅझोलबरोबर?

बहुतेकांचा खरा निर्णय इथे असतो आणि तो पैशाचा असतो.

नेहमीचा डोस दर किलोला रोज ५ मिलिग्रॅमच्या आसपास. टायगर ३४ किलोचा, म्हणजे रोज १७० मिलिग्रॅम. कॅप्सूल २५, ५० आणि १०० मिलिग्रॅमच्या मिळतात, त्यामुळे तिन्ही एकेक, म्हणजे १७५. बारा आठवड्यांच्या २५२ कॅप्सूल. तुमच्या औषधवाल्याला भाव विचारा आणि गुणाकार करून पाहा, मग मी काय म्हणतोय ते कळेल. आणि बारा आठवडे हा मधला अंदाज आहे. काही कुत्र्यांना आठ पुरतात, काहींना सोळा लागतात. भोकं बुजल्यावरही निदान महिनाभर तोच डोस चालू ठेवायचा असतो, मग हळूहळू कमी करायचा.

केटोकोनॅझोल हे बुरशीचं जुनं औषध. यकृतातली जी यंत्रणा सायक्लोस्पोरिन मोडून बाहेर टाकते, तिलाच ते अडवतं. त्यामुळे थोडं सायक्लोस्पोरिनसुद्धा रक्तात जास्त वेळ टिकतं आणि डोस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणता येतो. आमच्या डॉक्टरांनी टायगरला रोज ७५ मिलिग्रॅम सायक्लोस्पोरिन आणि केटोकोनॅझोलची २०० मिलिग्रॅमची एक गोळी सांगितली. २५२ कॅप्सूलच्या जागी १६८, त्याही लहान. वरची गोळी स्वस्त. खर्चात खूप मोठा फरक पडला.

मग सगळ्यांनी हेच का करू नये? कारण केटोकोनॅझोल यकृताला जड जातं. माणसांत ह्याच कारणामुळे युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली त्याच्या गोळ्या थांबवण्याची शिफारस केली. कुत्र्याची भूक मरू शकते, उलट्या होऊ शकतात, रक्तातली यकृताची एन्झाइम्स चढू शकतात. म्हणून सुरू करण्याआधी आणि मग दर महिन्याला रक्ततपासणी करायची, ती चुकवायची नाही. यकृत आधीच कमजोर असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

दुसरा धोका आपल्याकडे फार खरा आहे. गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन आपल्याकडे सर्रास टोचतात. केटोकोनॅझोल चालू असताना आयव्हरमेक्टिन मेंदूपर्यंत जास्त पोहोचतं आणि कुत्रा लडखडणं, थरथरणं, बेशुद्ध पडणं इथपर्यंत जाऊ शकतो. दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात पाऊल ठेवताच, "ह्याला केटोकोनॅझोल चालू आहे, आयव्हरमेक्टिन देऊ नका," हे पहिलं वाक्य बोला. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं होतं.

दोन्ही मार्गांना लागू असलेल्या काही गोष्टी. कॅप्सूल मायक्रोइमल्शन प्रकारचीच हवी, म्हणजे जिच्यातलं औषध पोटात अगदी बारीक थेंबांत पसरतं ती. जुन्या तेलकट प्रकारातून औषध कधी अंगी लागतं, कधी लागत नाही. कंपनीही मध्येच बदलू नका. कॅप्सूल जेवणाच्या दोन तास आधी किंवा नंतर द्यायची. पहिल्या आठवड्यात उलट्या झाल्या तर कॅप्सूल फ्रीझरमध्ये ठेवून गार द्यायची. टायगरला त्याने खूप आराम पडला. हिरड्या जाड होणं, चामखीळ येणं, केस वाढणं हे दिसू शकतं आणि डोस कमी झाला की बहुधा उतरतं. पूर्वी कर्करोग झालेल्या कुत्र्याला हे औषध टाळतात. जिवंत विषाणूंच्या लशी ह्या काळात थांबवाव्या लागतात; रेबीजची लस मृत विषाणूंची असल्यामुळे तिची तारीख चुकवायचं कारण नाही.

स्वस्तातलं प्रेडनिसोलोन

पैसे अगदीच नसतील तर डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुचवतील. तो नाइलाज आहे, पण मी त्याला चूक म्हणणार नाही. भरपूर डोसाचं स्टेरॉइड आणि बदललेला आहार एवढ्यावर साधारण तिसरा हिस्सा कुत्री पूर्ण बरी होतात, तिसरा हिस्सा सुधारतात आणि उरलेल्यांना फरक पडत नाही. सायक्लोस्पोरिनच्या शेजारी हे आकडे फिके आहेत. शिवाय कुत्रा पाणी-पाणी करतो, घरात लघवी होते, सतत भूक लागते, वजन वाढतं, मागच्या पायांचे स्नायू सुकतात. कंबर आणि मागच्या सांध्यांनी आधीच बेजार असलेल्या जर्मन शेफर्डला हे वजन परवडत नाही. ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध जोडलं तर स्टेरॉइड कमी लागतं, पण मग दर दोन आठवड्यांनी रक्तपेशी मोजाव्या लागतात आणि वाचवलेला पैसा तिथे जातो.

एक सूचना जीव तोडून देतो. स्टेरॉइड चालू असताना दुखणं कमी करायला घरातली मेलोक्सिकॅम किंवा तशी दुसरी गोळी देऊ नका. जठराला अल्सर होऊन रक्तस्राव होतो. वेदनाशामक हवंच, पण कोणतं ते डॉक्टरांना ठरवू द्या.

टॅक्रोलिमसचं मलम

०.१ टक्क्याचं हे मलम माणसांच्या इसबासाठी मिळतं. काम सायक्लोस्पोरिनसारखंच, फक्त वरून. एक-दोन उथळ भोकं असतील तर नुसत्या मलमावरही भागू शकतं. खोल आणि अनेक असतील तर एकट्या मलमावर विसंबू नका; सुरुवातीला तर कुत्रा हातही लावू देत नाही. त्याची खरी किंमत नंतर कळते. भोकं बुजल्यावर कॅप्सूल कमी करत जाताना दिवसातून एकदा, मग दिवसाआड, हातमोजे घालून पातळ थर द्यायचा. लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं चाटू द्यायचं नाही. आम्ही मलम लावून लगेच फिरायला न्यायचो.

पोळी, दूध, चिकन बंद

आहाराने एकट्याने हा आजार बरा होत नाही, पण आतड्याला सूज असलेल्या कुत्र्यात फरक दिसतो. खर्चही नगण्य, त्यामुळे कोणताही मार्ग घेतला तरी हे करा. नियम एकच: कुत्र्याने आजवर न खाल्लेलं प्रथिन. आपल्याकडची बहुतेक कुत्री चिकन, पोळी आणि दुधावर वाढतात, म्हणून आम्ही मासे आणि भात दिला. तुमच्याकडे मासेच रोजचे असतील तर मटण आणि बटाटा. सहा ते आठ आठवडे दुसरं काही नाही. चहाबरोबरचं बिस्किटही नाही. आमच्याकडे ते सगळ्यात अवघड गेलं, कारण आई लपवून द्यायची. शी मऊ राहावी म्हणून उकडलेला लाल भोपळा चालतो.

आणि रोजची साफसफाई

ह्यात निवड नाही, हे करावंच लागतं. शेपटीखालचे आणि मांडीमागचे केस बारीक कापून ठेवा, कोमट पाण्याने दिवसातून दोनदा धुवा, टिपून कोरडं करा. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका, हळदीचा लेप थापू नका. भोकं आतून भरून यायला हवीत, वरून बुजवून नाही. पावसाळ्यात माशा बसून अळ्या पडतात आणि चार दिवसांत होत्याचं नव्हतं होतं. जून ते सप्टेंबर कुत्रा घरात, माशांच्या स्प्रेची बाटली हाताशी.

अँटिबायोटिकचा इथे आधारापुरताच उपयोग. जंतूंचा संसर्ग असेल तर मेट्रोनिडॅझोल वगैरे देतात, वास आणि पू कमी होतो, आणि घरच्यांना वाटतं की बरं झालं. ते बरं झालेलं नसतं. आमचे तीन महिने त्यातच गेले.

मग निवडायचं काय?

पैशाची ऐपत असेल किंवा यकृताचे आकडे चांगले नसतील, तर एकटं सायक्लोस्पोरिन. कुत्रा मोठा, यकृत ठणठणीत आणि महिन्याला एक रक्ततपासणी जमणार असेल, तर केटोकोनॅझोलची जोड. ३० किलोच्या वरच्या कुत्र्यांसाठी मला हाच मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. भोकं एक-दोन आणि उथळ असतील तर मलम आणि आहारावर महिनाभर थांबून पाहा. स्टेरॉइड फक्त बाकी सगळं अशक्य असेल तेव्हा. शस्त्रक्रिया उरलेल्या वाटेसाठी.

पण ह्या सगळ्याआधी एक हिशेब मांडा: तुम्हाला चार महिने पुरेल एवढा कोणता उपचार झेपतो? दोन ते चार आठवड्यांत वेदना कमी होतात, कुत्रा शेपटी हलवायला लागतो आणि बरीच माणसं नेमकं तेव्हा औषध थांबवतात, कारण पैसे संपतात. आत वाटा उघड्याच असतात. महागडा उपचार सहा आठवडे करून सोडण्यापेक्षा परवडणारा उपचार शेवटपर्यंत केलेला कितीतरी बरा. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांशी महिन्याचा नाही, चार महिन्यांचा खर्च बोला, रक्ततपासण्या धरून.

टायगरची भोकं दहाव्या आठवड्यात बुजली. चौदाव्याला डोस कमी करायला सुरुवात केली. अकराव्या महिन्यात एक छोटं भोक परत उघडलं, मसुराएवढं. दर रविवारी शेपटी वर करून बघायची सवय असल्यामुळे ते दोन दिवसांतच सापडलं. डॉक्टरांना विचारून मलम पुन्हा दिवसातून दोनदा सुरू केलं आणि कॅप्सूलशिवाय ते तीन आठवड्यांत मिटलं. आता मलम आठवड्यातून दोनदा चालू आहे, आणि रविवारची तपासणीही.