नव्या प्लांटेड टँकला सीओटू द्यावा की नाही? खान्देशातला हिशेब

केळीचं टिश्यू कल्चरचं रोप बाटलीतून काढून मे महिन्यात थेट रावेरच्या शेतात लावलं तर काय होईल, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आधी ग्रीनहाऊस, मग शेडनेट, हार्डनिंग झालं की शेत. प्लांटेड टँकसाठी, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीसाठी, दुकानातून आणलेल्या झाडांचं दुखणं तेच, फक्त उलट बाजूनं. त्यातली बरीचशी नर्सरीत पानं हवेत ठेवून वाढवलेली असतात आणि आपण एका दुपारी ती डोक्यावरून पाणी जाईल अशी बुडवतो. हवेत कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच सीओटू, पानापर्यंत आपसूक येत होता. पाण्यात हाच वायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. जुनी पानं विरघळतात. क्रिप्टोकोराइन या झाडाची तर आठवड्यात पेज होते. पाण्यातली नवी पानं काढायला झाडाला साखर लागते, आणि साखरेला कार्बन.

म्हणून सीओटूचा सगळ्यात जास्त उपयोग पहिल्या सहा-आठ आठवड्यांत. नळाचं पाणी मोकळं ठेवलं तर त्यात हा वायू २-३ पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) वर टिकत नाही. गॅसवाल्या टाकीत तो ३०च्या आसपास ठेवतात. शिवाय नव्या टाकीत एक सोय असते, मासे नसतात. माशांना विषारी असलेला अमोनिया खाणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे जातात, तोवर मासे सोडायचेच नाहीत. गॅस थोडा जास्त झाला तरी गुदमरणारं कोणी नाही.

‘मग लाव ना भो, विचारतो काय?’ असं अमळनेरचा मित्र म्हणालाच. पण लावायचा कसा, हा खरा प्रश्न.

सिलिंडर

सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड (विजेवर गॅस चालू-बंद करणारा), नीडल व्हॉल्व्ह (गॅस बारीक कमी-जास्त करणारा), बबल काउंटर (बुडबुडे मोजायला), चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा), डिफ्यूझर (गॅस बारीक बुडबुड्यांत सोडणारा). बिल दहा हजारांच्या आसपास घुटमळतं. पुढचा खर्च मात्र किरकोळ, कारण २ किलोचा सिलिंडर शंभर लिटरच्या टाकीला सहा महिने तरी सहज पुरतो. भरून घ्यायचं तर सोडावॉटरवाल्यांना किंवा अग्निशामक सिलिंडर भरणाऱ्यांना विचारा. घेताना सिलिंडरवर कोरलेली टेस्टची तारीख वाचा. पुसट दिसली तर दुसरा मागा.

आपल्या उन्हाळ्याचा संबंध इथेच येतो. कार्बन डायऑक्साइड दाबाखाली द्रव राहतो तो फक्त ३१ अंशांपर्यंत. २० अंशांना सिलिंडरात साधारण ५७ बार दाब असतो, ३१ ला ७३च्या पुढे जातो. त्याहून तापलं की आत द्रव म्हणून काही उरतच नाही आणि दाब भराभर चढतो. जळगाव-भुसावळला पारा ४५ दाखवतो तेव्हा सिलिंडर गच्चीत, गाडीच्या डिकीत किंवा पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवणं म्हणजे विषाची परीक्षा. ‘थोडा जास्त भरून देतो’ असं कोणी प्रेमानं म्हणालं तर नको म्हणा. २ किलोच्या सिलिंडरात वजन करून २ किलोच. उन्हाळ्यात मीटरचा काटा हळूहळू उतरताना दिसेल, हिवाळ्यात तो महिनोन्‌महिने जागेवर असतो आणि शेवटी एकदम पडतो. दोन्ही ठीक आहे.

माझी फजिती वेगळीच झाली. गॅस प्रकाशाच्या दोन तास आधी सुरू आणि तासभर आधी बंद, असं चक्रीच्या साध्या टायमरवर लावलं होतं. दिवे दुसऱ्या, बॅटरी असलेल्या डिजिटल टायमरवर. चक्रीचा टायमर वीज गेली की तिथेच थांबतो, वीज आली की तिथूनच चालायला लागतो. पंधरा दिवसांच्या भारनियमनात तो पाच तास मागे पडला. दिवे वेळेवर लागायचे, गॅस दुपारनंतर यायचा आणि दिवे विझल्यावरही सुरू राहायचा. ड्रॉप चेकर (पाण्यातला वायू रंगानं दाखवणारी छोटी कुपी, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे जास्त) सकाळी निळा, रात्री लिंबासारखा पिवळा. टाकीत मासे नव्हते म्हणून वाचलो, पण महिन्याभरात पानांच्या कडांना काळ्या दाढीसारखं शेवाळ आलं. हे शेवाळ गॅस कमी-जास्त होत राहिला की हमखास येतं. आता दोन्ही टायमर डिजिटल आहेत.

ड्रॉप चेकरबद्दल दोन वाक्यं. त्यात टाकीचं पाणी भरू नका, ४ डीकेएचचं (कार्बोनेट जडपणाचं माप) तयार द्रावण भरा. आणि रंग तास-दोन तास मागून येतो, तेव्हा नॉब फिरवून लगेच त्याच्याकडे बघत बसू नका. घाई असेल तर पीएच मोजा. पाणी जड असो वा हलकं, गॅसमुळे पीएच एका अंकानं उतरला म्हणजे पाण्यातला वायू दहापट झाला.

लिंबूसत्त आणि खायचा सोडा

हे दोन्ही मिसळून वायू काढणारं दोन बाटल्यांचं किट दोन-तीन हजारांत येतं. वर व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे गॅस कमी-जास्त करता येतो. पण २०० ग्रॅम सोड्यातून फार तर १०५ ग्रॅम वायू निघतो. म्हणजे २ किलोचा सिलिंडर बरोबर अशा एकोणीस बाटल्या. दोन फुटी, ५५ लिटरच्या टाकीला पहिल्या दोन महिन्यांपुरतं हे जमतं. त्याहून मोठ्या टाकीला बाटल्या भरण्यातच रविवार जातील. रात्री हातानं व्हॉल्व्ह बंद करायची शिस्त असेल तरच घ्या.

साखर-यीस्ट

नको. बाटली, साखर, चिमूटभर यीस्ट, खर्च शंभरच्या आत, सगळं खरं. पण यीस्टला बटण नसतं. एप्रिलच्या उकाड्यात ते पहिल्या तीन दिवसांत फसफसतं, दुसऱ्या आठवड्यात दमतं, आणि रात्री झाडांना वायू नको असतानाही सोडतच राहतं. फेस नळीतून टाकीत गेला तर पाणी ताकासारखं होतं. वर सांगितलेली काळी दाढी यातून हमखास मिळते. असा हेलकावणारा गॅस देण्यापेक्षा न दिलेला बरा.

‘लिक्विड कार्बन’ नावाची बाटलीही मिळते. ती बहुतेक ग्लुटारल्डिहाइड असते, म्हणजे जंतुनाशक. शेवाळावर चालते, गॅसची जागा घेत नाही आणि वॅलिस्नेरियाची (फितीसारख्या लांब पानांचं पाणझाड) वाट लावते.

गॅसशिवाय

हा पर्याय गरिबाचा समजतात, ते चूक आहे. आपल्याकडचं बोअरचं जड पाणी इथे पथ्यावर पडतं. वॅलिस्नेरिया, हायड्रिला यांसारखी झाडं पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेतात. कधी त्यांच्या पानांवर चुन्याचा पांढुरका थर बसतो, तो त्याचाच पुरावा. तळाला बागेतली, खत न घातलेली माती दोन बोटं आणि वर चाळलेली वाळू घातली तर माती कुजतानाही वायू निघतो. निव्वळ काळी माती मात्र टाळा, एकदा ढवळली की लवकर बसत नाही. अनुबियास आणि जावा फर्न ही झाडं सावकाश वाढतात, पण मरत नाहीत. तरंगणारी पिस्टिया तर पानं हवेत ठेवून वरूनच श्वास घेते.

प्रकाश सहा तासच, आणि मंद. प्रकाश भरपूर अन् गॅस नाही, ही शेवाळाला दिलेली पंगत आहे.

निवड कशी करायची

तळभर हिरवा गालिचा, रोटालाची लाल झाडं असं मनात असेल तर सिलिंडरच, मधले उपाय नकोत. पण त्याआधी घरातलं पाणी मोजा. अ‍ॅक्वासॉइल (टाकीसाठीची तयार खतयुक्त माती) घातलेल्या नव्या टाकीत पहिल्या आठवड्यात रोज नाही तरी एक दिवसाआड निम्मं पाणी बदलावं लागतं, म्हणजे दोन फुटी टाकीला दर खेपेला पंचवीसेक लिटर. नळाला दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येणाऱ्या घरात मे महिन्यात टाकीसाठी ड्रम अडवला तर घरचे टाकीच बाहेर काढतील. ड्रममध्ये रात्रभर उघडं राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन मात्र उडतो, तेवढा फायदा.

उन्हाळ्याचं आणखी एक. २५ अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३२ ला सव्वासातच. मासे सोडल्यावर एप्रिल-मेमध्ये गॅस एक पायरी उतरवा आणि पृष्ठभाग हलता ठेवा. पाण्यावर छोटा पंखा लावला तर आपल्या कोरड्या हवेत कूलरसारखंच काम होतं, दोन-तीन अंश सहज उतरतात. उडालेलं पाणी आरओचं भरा, बोअरचं भरलं तर क्षार साचत जातात.

मी कुणालाही गॅसची टाकी दिवाळीनंतरच मांडायला सांगतो. तेव्हा पाणी गार असतं, नळाची ओरड कमी असते, आणि होळीपर्यंत गालिचा भरतो. अमळनेरच्या मित्राला एवढा धीर नव्हता. त्यानं जूनमध्येच वॅलिस्नेरिया लावून टाकली, गॅसबिस काही नाही. परवा तिला फुटलेली पिल्लं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोच मला द्यायला आला होता.