‘२०० ओके’ म्हणे! एका एसएमएस गेटवेचा अनुभव

पाचपैकी दोन तारे. पहिला, मेसेज गेलाच तर झटकन पोचतो म्हणून. दुसरा कशासाठी ते शेवटी.

मी गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. शेतकऱ्याने दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि रक्कम त्याच्या मोबाईलवर जाते. त्यासाठी ही सेवा घेतली: सॉफ्टवेअरकडून मजकूर घेऊन एसएमएस पाठवणारी. नाव लिहीत नाही. एका सकाळी केंद्राच्या सचिवांचा फोन: “साहेब, तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय मेसेज गेला, लोकं म्हणत्यात आला न्हाई. कुणाचं खरं धरू?”

लॉग उघडला. तीन दिवसांच्या प्रत्येक रिक्वेस्टला २०० ओके, म्हणजे वेबच्या (एचटीटीपी) भाषेत ‘काम झालं’ सांगणारा आकडी कोड. मग रिस्पॉन्सची बॉडी, म्हणजे उत्तरातला मजकूर, वाचली, तर आत ‘एरर, टेम्प्लेट जुळत नाही’. झालं असं, की केंद्राच्या सांगण्यावरून मी ‘रक्कम’ काढून ‘बिल’ केलं होतं. डीएलटीवर (एसएमएसचे साचे आधी नोंदवायचं टेलिकॉम कंपन्यांचं पोर्टल) नोंदवलेल्या टेम्प्लेटमधला ठरलेला शब्द बदलला की मेसेज अडतो. ती चूक माझीच. पण रिक्वेस्टमध्येच खोट असेल तर चारशेच्या घरातला कोड द्यायचा, एवढा साधा रिवाज यांना माहीत नसावा? जावास्क्रिप्टमध्ये रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फेचमधलं ‘रिस्पॉन्स डॉट ओके’ २०० ते २९९ मधल्या कुठल्याही कोडला ‘ट्रू’ म्हणतं. माझ्या कोडने त्यावर भरवसा ठेवून ‘पाठवला’ अशी खूण करून टाकली.

खरं तर मेसेज बिनचूक असतानाही इथे २०२ शोभला असता: स्वीकारलं, काम व्हायचंय. किटली टेबलावर ठेवली, फॅट अजून लागायची आहे, तसं. नवी संपर्क यादी बनवली की २०१ (‘नवं बनलं’) यावा आणि बॉडीच्या आधी येणाऱ्या लोकेशन हेडरमध्ये तिचा पत्ता. तिथेही २००च, आयडी बॉडीत धुंडाळत बसा.

कहर पुढे आहे. मेसेज पोचला की नाही याचा डिलिव्हरी रिपोर्ट ते माझ्या सर्व्हरवर पाठवतात. मला उलट काही कळवायचं नसतं, म्हणून मी २०४ देत होतो: मिळालं, बॉडी नाही. तर तोच रिपोर्ट पुन्हा, पुन्हा, पुन्हा! यांच्या लेखी यश म्हणजे फक्त २००. जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये (एचटीटीपीचा प्रमाण दस्तऐवज) स्वच्छ लिहिलंय की एखादा कोड ओळखीचा नसला तरी पहिला आकडा बघून त्या वर्गातल्या शून्य-शून्यवाल्यासारखा धरायचा. म्हणजे २०४ कळत नसेल तर २०० समजा. सपोर्टला हे सांगितलं तर उत्तर आलं, “सर, २०० येतोय ना, मग आपल्याकडून सगळं ओके आहे.” मी वेगळंच विचारत होतो, पण असो.

दुसरा तारा यादी डिलीट करण्याच्या एपीआयला (सॉफ्टवेअरने सॉफ्टवेअरला काम सांगायची सोय). तिथे चक्क २०४ येतो आणि बॉडी खरोखर रिकामी! तेवढा भाग कुणा जाणकाराच्या हातचा असावा. माझाच कोड त्या रिकाम्या बॉडीतून जेसन (ठरलेल्या साच्यातली माहिती) वाचायला गेला आणि आपटला. ते मी मुकाट्याने दुरुस्त केलं.

अकरा हजार मेसेज शिल्लक आहेत, ते संपेपर्यंत इथेच. तोवर सचिवांच्या स्क्रीनवर ‘पाठवला’च्या जागी ‘रांगेत’ असं दाखवतोय.